सागरतळाच्या गाळातील साक्ष आणि थांबलेले जहाज

स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेला दोन महिने सागरतळ खणून ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे संशोधन जहाज ऑगस्ट २०२४ च्या प्रारंभी ॲमस्टरडॅम बंदरात दाखल झाले. आंतरराष्ट्रीय सागर-खनन कार्यक्रमातील त्याची ही अखेरची मोहीम होती. १९८५ पासून जवळजवळ चाळीस वर्षे हे जहाज जगभरच्या महासागरांचा तळ खणून गाळाचे लांबट दंड वर आणीत होते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने मार्च २०२३ मध्येच जहाजाचा करार पुढे न वाढविण्याचा निर्णय जाहीर केला होता. खर्च वाढत चालला आहे आणि भागीदार देशांचा वाटा त्या मानाने वाढत नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. आपल्याकडे या वृत्ताला फारशी जागा मिळाली नाही. मिळण्याचे वरकरणी कारणही नव्हते. चिखल उपसणारे एक जुने जहाज निवृत्त झाले, एवढीच ती बातमी होती.

परंतु त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ४४ हवामानशास्त्रज्ञांनी उत्तर युरोपातील देशांच्या मंत्रिपरिषदेला एक खुले पत्र लिहिले. अटलांटिक महासागरातील उलथापालथीचा महाप्रवाह कोलमडण्याचा धोका आजवर कमी लेखला गेला आहे, असा इशारा त्या पत्रात होता. २०२५ मध्ये आइसलँडने तर हा धोका राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रश्नांत समाविष्ट केला. समुद्राच्या प्रवाहाचा प्रश्न एखाद्या सरकारने या पातळीवर नेऊन ठेवावा, ही असाधारण गोष्ट आहे. हा प्रवाह पूर्वी कधी थांबला होता काय, थांबला तर किती काळ, आणि त्याचे परिणाम कोठवर पोहोचले, या प्रश्नांची उत्तरे ज्या चिखलात आहेत, तोच चिखल वर आणणारे जहाज नेमक्या याच वेळी धक्क्याला लागले आहे. या दोन बातम्या म्हणूनच एकत्र वाचायला हव्यात.

प्रथम हा प्रवाह म्हणजे काय ते पाहू. उष्ण कटिबंधातील कोमट आणि खारट पाणी अटलांटिकच्या पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते, ग्रीनलँड आणि नॉर्वेच्या परिसरात थंड होते, जड होते आणि खाली बुडते. मग हेच पाणी दोन ते चार किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परतते. दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाण्याची ही घडामोड आहे. पृथ्वीवरील सर्व नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात त्याच्या दसपटीहून अधिक. पाण्याबरोबर उष्णताही उत्तरेला जाते. पश्चिम युरोपचे हवामान त्याच अक्षांशावरील कॅनडापेक्षा सौम्य असण्यात या उष्णतेचा मोठा वाटा आहे.

एवढ्या महत्त्वाच्या प्रवाहाचे सलग मोजमाप मात्र फार उशिरा सुरू झाले. बहामा बेटांपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, साडेसव्वीस अंश उत्तर अक्षांशावर, उपकरणांची रांग बसविण्यात आली ती २००४ मध्ये. २००९-१० मध्ये हा प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला आणि नंतर बराचसा सावरला, हे या उपकरणांमुळेच कळले. परंतु वीस-एकवीस वर्षांच्या नोंदी येथे अपुऱ्या पडतात. कोकणातील वीस पावसाळ्यांचे आकडे हाती घेऊन शिवकालातील दुष्काळांविषयी बोलण्यासारखेच ते होईल. मागे जायचे तर गाळाकडेच जावे लागते.

खोल समुद्राचा तळ म्हणजे अंधारी, थंड आणि निश्चल जागा, वरून पडणारी धूळ तेथे युगानुयुगे गुपचूप साचत राहते, अशीच समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होती. जर्मन सागरशास्त्रज्ञ गेऑर्ग व्यूस्ट यांनी तळाजवळही प्रवाह असल्याचे गणिताने दाखविले होते; भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे तळाची छायाचित्रे निघू लागली. ओहोटीनंतर वाळूत ज्या वळ्या उमटलेल्या दिसतात तशाच वळ्या हजारो मीटर खोलीवरच्या चिखलात दिसू लागल्या. १९६६ मध्ये ब्रूस हीझन, चार्ल्स हॉलिस्टर आणि विल्यम रडिमन या तिघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रतिपादन केले, की उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील खंडउताराच्या पायथ्याला आकार दिला आहे तो तळालगत वाहणाऱ्या प्रवाहांनी.

यातील मर्म प्रवाहाच्या दिशेत आहे. समुद्रातही दरडी कोसळतात; गढूळ पाण्याचे लोट उतारावरून थेट खाली धावतात. न्यूफाउंडलँडजवळच्या १९२९ च्या भूकंपानंतर अशाच एका लोटाने समुद्राखालच्या तारा एकामागून एक तोडल्या होत्या. खोल प्रवाह तसे वागत नाहीत. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे ढकलले जाते. त्यामुळे हा प्रवाह उताराला बिलगतो आणि एकाच खोलीच्या रेषेवरून, उतार आडवा कापीत, शेकडो कोस जातो. घाटातला रस्ता डोंगराच्या कुशीतून एकाच उंचीवरून जावा तसा. नकाशावरील समोच्च रेषांना इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून या प्रवाहांनी साचविलेल्या गाळाला ‘कंटुराइट’ हे नाव पडले.

प्रवाह जेथे वेगवान असतो तेथे तळ खरवडला जातो, आणि जेथे तो मंदावतो तेथे वाहून आणलेला चिखल खाली बसतो. लाखो वर्षांत त्याचे शेकडो किलोमीटर लांबीचे आणि शेकडो मीटर जाडीचे ढीग तयार होतात. अन्यत्र खोल समुद्रात हजार वर्षांना काही सेंटिमीटर गाळ साचतो. अशा ढिगांवर तो कित्येकदा दसपट, काही काळात त्याहूनही अधिक साचतो. हवामानाच्या अभ्यासकाला याचे मोल फार आहे. ज्या वहीत एरवी हजार वर्षांना एक ओळ लिहिली जाते, तिच्यात येथे पानेच्या पाने भरलेली सापडतात. जॉइडिस रेझोल्यूशनची अखेरची, ४०३ क्रमांकाची मोहीम ज्या फ्राम सामुद्रधुनीत गेली, तेथेही खणण्यासाठी निवडलेल्या जागा अशा ढिगांवरच्याच होत्या. अटलांटिकचे कोमट पाणी उत्तर ध्रुवीय समुद्रात शिरते ते याच दारातून.

हे काम संथपणे चालते असेही नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या समोर, जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवर, अमेरिकी शास्त्रज्ञांनी उपकरणे ठेवली. तेथे चक्क वादळे होतात असे आढळले. कित्येक दिवस, क्वचित आठवडे, प्रवाहाचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि तळाचे पाणी चिखलाने गढूळ होऊन जाते. सेकंदाला २० सेंटिमीटर म्हणजे ताशी पाऊण किलोमीटरही नव्हे. रांगते मूलही याच्या पुढे जाईल. पण बारीक चिखल हलवायला तेवढा वेग पुरेसा असतो.

आता या गाळावरून जुना वेग कसा ओळखतात? खळ्यावर उफणणी पाहिलेल्याला हे चटकन समजेल. वारा बेताचा असला तर भूस जवळच पडते. वारा जोराचा असला तर भूस लांब उडते आणि हलके दाणेही जागा सोडतात. समुद्राच्या तळाशी उफणणी करणारा वारा म्हणजे प्रवाह. केंब्रिज विद्यापीठाचे निक मॅकेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की १० ते ६३ मायक्रॉन आकाराचे कण यासाठी सर्वांत उपयोगी आहेत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांची कल्पना यावी. दहा मायक्रॉनहून बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, म्हणून त्यांची साक्ष विश्वसनीय नसते. मधल्या गटातील कण मात्र सुटे राहतात आणि वेगानुसार निवडले जातात. थरातील या कणांचा सरासरी आकार वाढला तर प्रवाह जोरात होता, कमी झाला तर मंद होता, असा निष्कर्ष निघतो.

दुसरी पद्धत अधिक आडवळणाची आहे, पण तितकीच सुंदर. समुद्राच्या पाण्यात युरेनियम सर्वत्र जवळजवळ सारख्या प्रमाणात विरघळलेले असते. त्याच्या ऱ्हासातून थोरियम-२३० आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ ही दोन मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात निर्माण होतात. थोरियम काही दशकांतच कणांना चिकटून खाली बसते. प्रोटॅक्टिनियम शतकभर किंवा त्याहून अधिक काळ पाण्यात तरंगत राहते, आणि प्रवाह जोरात असेल तर अटलांटिकच्या बाहेर, दक्षिण महासागराकडे वाहून जाते. म्हणजे अटलांटिकच्या गाळात प्रोटॅक्टिनियम कमी पडले असेल तर प्रवाह चालू होता. निर्माण झाले तेवढे जवळपास सर्व तेथेच सापडले, तर त्याला वाहून नेणारे कोणी नव्हते.

बर्म्युडाजवळच्या उंचवट्यावर, साडेचार किलोमीटर खोलीवरून काढलेल्या गाळात जेरी मॅकमॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजले आणि २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी हे प्रमाण झपाट्याने वाढत गेले आणि जवळजवळ निर्मितीच्या पातळीला भिडले. महाप्रवाह थांबला होता, निदान थांबल्यात जमा होता. पुढे सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी तो एकाएकी पुन्हा वाहू लागला आणि १२,७०० वर्षांपूर्वीच्या सुमारास पुन्हा मंदावला. या घडामोडींचा मेळ ग्रीनलँडच्या हिमथरांतील तापमानाच्या नोंदींशी चांगला बसतो.

थांबण्याचे कारणही गाळातच मिळाले होते. हार्टमुट हाइनरिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या गाळात खडेगोट्यांचे थर असल्याचे दाखविले. किनाऱ्यापासून इतक्या दूर खडे नेऊन टाकणार कोण? तरंगते हिमनग. उत्तर अमेरिकेवरील बर्फाचे विशाल आवरण वेळोवेळी फुटून हिमनगांचे ताफे समुद्रात लोटले गेले. ते वितळले तसे पोटातील खडे तळाशी गेले आणि गोडे पाणी पृष्ठभागावर पसरले. गोडे पाणी हलके असते, ते बुडत नाही. आणि उत्तरेला पाणी बुडणेच बंद झाले, तर सबंध फिरते चक्र अडते. ग्रीनलँडचे बर्फ आज ज्या गतीने वितळत आहे त्याकडे शास्त्रज्ञ धास्तीने पाहतात ते या पूर्वेतिहासामुळे.

इथवर वाचून एखादा मुंबईकर विचारील, की युरोप गारठला तर त्याचे आपल्याला काय? याचे उत्तर अरबी समुद्राच्या तळाशी आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक पाणी वर येते, सूक्ष्म जीव उदंड वाढतात आणि त्यांचे अवशेष तळाशी साचतात. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, तळाचे किडे जगत नाहीत, आणि गाळाचे काळपट पापुद्रे न ढवळता एकावर एक रचले जातात. मोसमी वारे दुबळे असतात तेव्हा गाळ फिकट आणि किड्यांनी ढवळलेला असतो. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरील अशा गाळावरून हार्टमुट शुल्त्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गेल्या १ लाख १० हजार वर्षांचा पट मांडला. ग्रीनलँड जेव्हा जेव्हा गारठले तेव्हा तेव्हा अरबी समुद्राचा गाळ फिकट झाला होता, असे त्यातून दिसले. पुढे २००३ मध्ये तेव्हा आयआयटी खरगपूर येथे असलेले अनिल गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी ओमानसमोरच्या गाळातील ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ या सूक्ष्म जीवाची कवचे मोजली. हिमयुग संपल्यानंतरच्या काळातही उत्तर अटलांटिकमधील थंडीच्या लाटा आणि मोसमी वाऱ्यांचे दुबळेपण एकत्र आलेले त्यांना आढळले.

यावरून लगेच ‘अटलांटिकचा प्रवाह थांबला की मराठवाड्यात दुष्काळ’ असे समीकरण मांडणे उतावीळपणाचे ठरेल. तेव्हा अर्धी उत्तर अमेरिका बर्फाखाली होती. आज ती स्थिती नाही. वाढत्या तापमानाने हवेतील बाष्प वाढते आणि त्याचा परिणाम उलट दिशेचाही असू शकतो. तरीही उत्तर अटलांटिक थंडावला की उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, याबाबत गाळाची साक्ष आणि संगणकीय प्रारूपे यांचे बऱ्याच अंशी एकमत आहे. ज्या प्रदेशाची शेती, धरणे आणि विजेची गणिते चार महिन्यांच्या पावसावर बेतलेली आहेत, त्याला हा प्रश्न परका मानता येणार नाही.

भारताच्या सागरी परिसरात हे जहाज येऊनही गेले आहे. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याने आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात खणले. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक होते गोव्यातील तेव्हाच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडेय. मोहिमेचा शेवट झाला तो मुंबई बंदरात. सिंधू नदीने आणलेल्या गाळातून हिमालयाची झीज आणि मोसमी पावसाचा इतिहास वाचावा हा हेतू होता. वाटेत एक प्रचंड अडथळा आला. भारताच्या पश्चिमेकडील खंडउतारावरून सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी कोसळलेल्या एका अजस्र दरडीचा ढिगारा तेथे साचलेला आहे. संशोधकांनी त्याला ‘नटराज’ असे नाव दिले आहे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हे जहाज मालदीवला गेले. तेथील बेटांच्या मधल्या समुद्रात प्रवाहांनी रचलेले गाळाचे ढीग १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी एकाएकी साचू लागलेले दिसले. आजच्यासारखे मोसमी वारे तेव्हा सुरू झाले, असा निष्कर्ष ख्रिश्चन बेट्झलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडला. आपल्या पावसाळ्याची जन्मतिथी प्रवाहांनी रचलेल्या चिखलावरून ठरावी, ही मौजेची गोष्ट आहे.

सध्याचा वाद आहे तो गेल्या दीडशे वर्षांविषयी. डेव्हिड थॉर्नली आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप हॅटरससमोरच्या गाळातील कणांच्या आकारावरून असे म्हटले, की गेली सुमारे १५० वर्षे हा प्रवाह त्याआधीच्या दीड हजार वर्षांच्या तुलनेत असाधारण दुबळा आहे. २०२१ मध्ये लेवके सीझर यांच्या गटाने गाळासह अनेक प्रकारचे पुरावे एकत्र करून तो हजार वर्षांतील नीचांकावर असल्याचे सांगितले. लगेच २०२२ मध्ये अन्य शास्त्रज्ञांनी या पुराव्यांतील अनिश्चितता दाखवून निष्कर्षावर आक्षेप घेतला. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या पीटर आणि सुसान डिटलेव्हसन यांनी पृष्ठभागाच्या तापमानावरून या शतकाच्या मध्याच्या सुमारास प्रवाह कोलमडू शकतो असे वर्तविले, आणि जगभर ठळक मथळे झळकले. उलट २०२५ मध्ये जोनाथन बेकर यांच्या गटाने ३४ संगणकीय प्रारूपे तपासून सांगितले, की दक्षिण महासागरावरील वारे प्रवाहाला चालते ठेवतात, त्यामुळे तो मंदावेल, पण या शतकात पूर्णपणे थांबण्याचा संभव कमी. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात याच अर्थाचे मत, ‘मध्यम खात्री’ असे सांगून, दिले होते.

प्रस्तुत लेखकाला यात मथळ्यांपेक्षा तळटीपा महत्त्वाच्या वाटतात. गाळाचा एक दंड एका जागेची हकीकत सांगतो. प्रवाह मंद न होता नुसता उताराच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला सरकला, तरी त्या जागेवरचे कण बारीक होतात आणि वाचणारा फसतो. तळाचे किडे थर ढवळतात, त्यामुळे दशकादशकाचा हिशेब पुसट होतो. प्रोटॅक्टिनियमच्या आकड्यांवर पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या कवचांचाही परिणाम होतो. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे निरनिराळ्या खोलीवरचे आणि निरनिराळ्या ठिकाणचे पुष्कळ दंड काढून ताडून पाहणे. याचा अर्थ पुष्कळ मोहिमा. आणि मोहिमांसाठी जहाज हवे.

याच प्रवाहांना आता नवी ओझीही वाहावी लागत आहेत. इटलीजवळच्या टिरेनियन समुद्रात इयन केन आणि सहकाऱ्यांना २०२० मध्ये तळाच्या पाच सेंटिमीटर जाड थरात दर चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले, आणि तेही नेमके प्रवाहांनी रचलेल्या ढिगांवर. प्रवाह जेथे चिखल आणून टाकतात तेथेच आपला कचराही आणून टाकतात. पुढच्या हजारो वर्षांच्या अभ्यासकांना आपला काळ ओळखायला फार कष्ट पडणार नाहीत.

खनन पूर्णतः थांबले आहे असे नाही. जपानचे ‘चिक्यू’ हे जहाज आहे. युरोपीय देश गरजेप्रमाणे भाड्याने जहाजे घेतात. चीनने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मेंगशियांग’ हे अवाढव्य खननजहाज सेवेत दाखल केले. सागराखाली अकरा किलोमीटरपर्यंत जाण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. परंतु वर्षातून चार-पाच मोहिमा काढून जगभर हिंडणाऱ्या, त्या मानाने स्वस्त अशा जहाजाची जागा या कोणीही अद्याप भरलेली नाही. भारताने जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांचे ‘खोल महासागर अभियान’ मंजूर केले. माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ पाणबुडी आणि तळावरील धातूंच्या गोळ्यांचा शोध हे त्यातील गाजलेले भाग होत. आपल्या संशोधन जहाजांवरून गाळाच्या वरच्या काही मीटरांचे नमुने काढता येतात आणि गोव्यातील संस्थांनी त्यावर मोलाचे काम केले आहे. शेकडो मीटर खाली जाणारे वैज्ञानिक खननजहाज मात्र आपल्याकडे नाही. धातूंच्या गोळ्यांना बाजार आहे, म्हणून पाणबुडीला निधी मिळतो. मोसमी पावसाच्या जुन्या हिशेबाला बाजार नसतो.

तोवर जे आहे ते शीतगृहांत आहे. आजवर काढलेले गाळाचे दंड जर्मनीतील ब्रेमेन, अमेरिकेतील टेक्सास आणि जपानमधील कोची येथे जपून ठेवलेले आहेत. हिंद महासागराचा, म्हणजे आपल्या अरबी समुद्राचाही, गाळ कोचीला असतो. नावावरून केरळातले कोची समजू नये. प्रत्येक दंड उभा चिरून दोन भाग केले जातात. एका भागातून संशोधकांना मागणीप्रमाणे नमुने कापून देतात. दुसऱ्याला शक्यतो हात लावत नाहीत. उद्या निघणाऱ्या एखाद्या नव्या पद्धतीसाठी तो राखून ठेवलेला असतो. प्रोटॅक्टिनियमवरून जुन्या प्रवाहाचा वेग मोजता येईल हे ठाऊक नसलेल्या काळात काढलेला गाळही अशाच फडताळांतून पुढे तपासणीला आला आहे.